विळ्यासारख्या पेशी

मंगळी मंगळवारी जन्मली म्हणून मंगळी. तिची सासू बुधवारी जन्मली म्हणून बुधी. पुढे सवत आली, ती शुक्रवारची, म्हणून सुकरी. वाडीत नाव ठेवायला कुणी पंचांग उघडत नाही, वार आठवला की झालं. तेव्हा एवढे वार ऐकून गोंधळू नका. ह्या तीन बायका, त्यांच्यातला एकच पुरुष दिनेश, आणि रोह्याच्या शाळेतल्या सावनी बाई. आणि एक विळा. त्या विळ्यानं मंगळीचं वाटोळं केलं, आणि विळ्याचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

खांब गावाकडून कोलाडला येताना हायवे सोडून आत वळलं की ही आदिवासीवाडी लागते. पावसाळ्यात माणसं इथं असतात. लोकांचं भात लावायचं, कापायचं, नदीत चिंबोऱ्या धरायच्या. दिवाळी उलटली की भांडीकुंडी टेम्पोत, आणि टेम्पो पेणच्या बाजूला वीटभट्टीवर. मंगळी आईबापाविना मामाकडे वाढली नि वयात आली तशी दिनेशच्या घरात आली. दिसायला चारचौघींसारखी, बोलायला कमी. पण हातात विळा आला की बाई वेगळीच व्हायची. पात धरली की बाकीच्या बाया मागे, आणि ही बांधाला पोचून तंबाखू मळत त्यांची वाट बघत बसलेली. "मंगळीचा हात हाय का मशीन," असं गवताचा मुकादम म्हणायचा. आयुष्यात तिचं कौतुक म्हणून जे काय झालं ते एवढंच.

पहिल्या खेपेला तिला पाचवा लागला होता. त्या वर्षी भट्टी उशिरा पेटायची होती, म्हणून माणसं नाताळापर्यंत वाडीतच गवत कापत होती. आणि नेमकं सकाळीच सूर्याला ग्रहण लागलं. पोटुशी बाईनं ग्रहणात काही कापू नये, चिरू नये, जागची हलूसुद्धा नये, नाहीतर पोराच्या अंगावर खोड उमटते. हे वाडीतल्या बाईला माहीत असतं आणि रोह्याजवळ वरसेच्या फ्लॅटमधल्या बाईलाही माहीत असतं. फ्लॅटमधली त्या दिवशी रजा टाकते. मंगळीला रजा कोण देणार? गवत भरायला ट्रक येऊन उभा होता आणि मुकादम दारात. बुधीच म्हणाली, "जा गो. वर बघू नको, खाली मान घालून काप." मंगळी गेली, खाली मान घालून कापत राहिली, आणि दुपारी सगळ्यांच्या आधी बांधाला पोचली.

उन्हाळ्यात पोरगी झाली. वनिता. गोरीगोमटी नाही, पण हसरी. वर्षाची होईस्तोवर सगळं ठीक होतं, मग एक दिवस तिची हातापायाची बोटं टम्म सुजली. पोर रडून रडून निळी पडायची. डोळे पिवळे व्हायचे, ताप यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. झाडपाला झाला, अंगारा झाला, कोलाडच्या डॉक्टरची सुई झाली. शेवटी वाडीत रक्त तपासायचा कॅम्प आला तेव्हा वनिताच्या दुखण्याला नाव मिळालं. सिकलसेल.

आता हे वाडीला समजावून सांगायचं कुणी? त्यासाठी सावनी बाई आल्या. बाईंचं घराणं मूळचं पेणचं, एकेकाळी जमीनजुमल्याचं, आता सगळे मास्तर नि इंजिनियर. बाई स्वतः रोह्याला नववी-दहावीला विज्ञान शिकवायच्या, वरसेला राहायच्या आणि सुट्टीच्या दिवशी अशा कॅम्पला पदरचं पेट्रोल घालून यायच्या. माणूस सोन्यासारखा. एकच खोड, आपलं शिकवणं फार सोपं असतं असा त्यांचा समज. तसं ते असायचंही, पण सोपं बोललेलं समोरचा कुठल्या कानानं ऐकतो याचा हिशेब मास्तरकीत शिकवत नाहीत.

समाजमंदिराच्या भिंतीवर बाईंनी कागद चिकटवला. "आपलं शरीर पेशींचं बनलंय," त्या म्हणाल्या.

"पेशी म्हंजे कोर्टाची ना?" जनू म्हातारा मागून म्हणाला. "माजी व्हती पेनला. दोन येळा गेलो, सायेबच नाय."

सगळे हसले. बाईही हसल्या. "ती पेशी नाही हो आजोबा. तुम्ही वीट पाडता ना? भिंत कशाची, तर विटांची. तसं शरीर पेशींचं. इतक्या बारीक विटा, की डोळ्याला दिसत नाहीत. रक्तातसुद्धा पेशी असतात. तांबड्या पेशी. चांगली पेशी अशी असते, गोल, मधून अंगठ्यानं दाबल्यासारखी." त्यांनी कागदावर गोल काढला. "ती नळीतून सुळकन जाते. आणि ह्या आजारात ती पेशी अशी वाकडी होते. बघा, कशासारखी दिसते?"

बाईंनी स्वतःच सांगितलं, आणि सांगताना त्यांचा चेहरा उजळला, कारण उदाहरण अगदी वाडीतलं सापडलं होतं. "विळ्यासारखी! इंग्रजीत सिकल म्हणजेच विळा. विळ्यासारख्या पेशी नळीत अडकतात, एकात एक गुंततात, म्हणून पोराला ठणका लागतो."

बुधीनं मान वळवून सुनेकडे बघितलं. मंगळीनंही ऐकलं होतं. तिचे हात आपोआप पदराखाली गेले, जसा काही विळा अजून हातातच होता. पुढे बाई गोळ्यांचं बोलल्या, पाणी भरपूर प्यायचं बोलल्या, थंडीत पोराला जपायचं बोलल्या. मंगळीच्या कानात त्यातलं निम्मंही शिरलं नाही.

संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं. डॉक्टरलोकांनी मशीनमध्ये बघितलं तर पोरीच्या रक्तात विळेच विळे. आईनं गरनात, म्हणजे ग्रहणात, गवत कापलं, पोटातल्या पोरीच्या रक्तात विळा उतरला. आता सांगा, याला काय उत्तर आहे? पुरावा मशीननं दिला, साक्ष शाळेच्या बाईनं. "मला तवाच वाटलं व्हतं," बुधी ओट्यावर बसून ज्याला त्याला सांगत होती. पाठवलं कुणी, हे ती विसरली होती. खोटं बोलत नव्हती, खरंच विसरली होती. मंगळी विसरली नव्हती, पण ती बोलली नाही. कारण तिला आतून तेच पटलं होतं. तिच्या जन्मात कौतुकाची एकच गोष्ट होती आणि त्या गोष्टीनंच पोरीला खाल्लं, असं ती धरून बसली.

त्या दिवसापासून तिनं विळा सोडला. गवताला गेली तर हातानं उपटायची. तळहात फाटायचे. मुकादम म्हणाला, मशीन बिघडली वाटतं. तिला पुन्हा कामावर कुणी बोलावलं नाही.

तेव्हा ती दुसऱ्यांदा पोटुशी होती. आणि देवाची करणी बघा, दिवाळीत, लक्ष्मीपूजन नि पाडवा यांच्या मधल्या दिवशी, सूर्य बुडायच्या वेळेला पुन्हा ग्रहण. मंगळीनं यावेळी कानाला खडा लावला होता. बाहेर भातकापणी ऐन भरात होती, आणि ही दुपारपासून घराच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसली. पाणी नाही, लघवी नाही. पायावर मुंगळा चढला, चावला, तिनं पाय हलवला नाही. वनिता "आये, आये" करत अंगावर आली, तिला जवळ घेतलं नाही. बुधी दारात राखण बसली होती. ग्रहण सुटल्यावर उठायला गेली तर दोन्ही पाय मेलेले. ती तशीच खाली बसून हसली. तिला वाटलं, जिंकली. ह्या पोराला आता काय होत नाय.

पोरगा झाला. साईराज. दिनेशनं वाडीला दारू पाजली. साईराज वर्षाचा झाला, चालायला लागला, आणि माघी गणपतीच्या सुमाराला भट्टीवर एका सकाळी त्याच्या हाताची बोटं टम्म सुजली.

मंगळीनं ती बोटं बघितली आणि खोपीत जाऊन बसली. तपासणीत जे यायचं तेच आलं. बुधीचं म्हणणं तयार होतं, "माजा डोळा लागला आसंल तवा हलली ही." दिनेश म्हणाला, "हलली नसती तर कशाला झालं आसतं?" मंगळी एकटी जाणत होती की ती हलली नव्हती. साऱ्या जगात हे ठाऊक असलेला दुसरा जीव म्हणजे तो मुंगळा.

एवढी गरीब गाय, पण यावेळी तिच्यानं राहवेना. भट्टीवरून मालकाच्या टेम्पोत बसली, रोह्याला उतरली आणि पोराला काखोटीला मारून विचारत विचारत वरसेला सावनी बाईंच्या दारात उभी राहिली. बाई रविवारचा वाल सोलत बसल्या होत्या. त्यांनी ओळखलं, आत घेतलं, चहा दिला.

"बाय, या येळी मी हलली नाय," मंगळी म्हणाली. "तरी झाला."

"कुठून हलली नाहीस?"

"गरनात. वनिताच्या येळी विळा धरला व्हता, ती माजी चूक. पन ह्याच्या येळी नाय धरला. मग ह्याच्या रगतात विळा कुनी घातला?"

बाईंना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांच्या हातातला वाल खाली पडला. "अगं, विळ्यानं होतो असं तुला कोण म्हणालं?"

"तुमीच की."

नववीच्या पोरांना त्यांनी हजारदा सांगितलं असेल, उदाहरण म्हणजे वस्तू नव्हे. पण इथं त्यांचं उदाहरण घरात शिरून दोन वर्षं एका बाईला खात होतं, आणि त्यांना पत्ताही नव्हता. त्यांचे डोळे भरून आले. मंगळीला त्यांच्या डोळ्यातल्या पाण्याचं करायचं काय होतं? तिला उत्तर हवं होतं.

मग बाई ताट घेऊन खाली फरशीवर बसल्या आणि पहिल्यापासून सांगू लागल्या. प्रत्येक पेशी जिथून घडते तिथं एक गाभा असतो, त्याला केंद्रक म्हणतात. त्यात धाग्यांच्या जोड्या असतात, ती गुणसूत्रं. जोडीतला एक धागा आईचा, एक बापाचा. त्या धाग्यांवर लिहिलेलं असतं, नाक कसं, रंग कसा, रक्त कसं बनवायचं. एकेका गोष्टीच्या लिहिण्याला म्हणतात जनुक. "तुझ्या पोरांच्या रक्ताच्या जनुकात एकच अक्षर चुकलंय. एवढ्या मोठ्या लिहिण्यात एक अक्षर. ते चुकलं की पेशी वाकडी होते."

मंगळी ऐकत होती. "मला तर अक्षर येत नाय," ती म्हणाली. "माज्या अंगात कुनी लिवलं?"

"तुझ्या आईनं बापानं दिलं. त्यांना त्यांच्या आईबापानं. फार जुनं आहे. कुणाची चूक नाही." बाईंनी ताटातून चार वाल उचलले, दोन पांढरे, दोन काळपट. "हे बघ. तुझ्याकडे एक चांगलं, एक चुकलेलं. चांगलं आहे म्हणून तुला काही होत नाही, पण चुकलेलं तू पुढे देऊ शकतेस. त्याला वाहक म्हणतात."

"वाहक म्हंजे यष्टीतला?"

"तसंच समज. स्वतः कुठं उतरत नाही, पण पुढे पोचवतो. आणि दिनेशकडेही तसंच. एक पांढरा, एक काळा. पोराला तुझ्याकडून एक येतो, त्याच्याकडून एक. दोन्हीकडून काळाच आला तरच हा आजार होतो. एकट्या आईकडून हा आजार होतच नाही, मंगळी. निम्मं त्याचं आहे."

मंगळीनं ते चार वाल हातात घेतले, उलटेपालटे केले. म्हणाली, "म्हंजे मी बसून रायली ते फुकट?"

"हो गं."

"आनि गवत कापलं तेपन?"

"त्याचाही काही संबंध नाही."

तुम्हाला वाटेल तिला बरं वाटलं असेल. वाटलं, पण अर्धंच. चूक होती तोवर निदान पुढच्या वेळी टाळता येण्यासारखं काहीतरी होतं. आता टाळायला काही राहिलंच नाही. पण ते "निम्मं त्याचं" मात्र तिनं पदराला गाठ मारून घेतलं आणि ती भट्टीवर परत आली.

करायला गेली एक आणि झालं भलतंच. दिनेश विटा रचत होता. तिनं बिचारीनं जमेल तसं सांगितलं, की आजार एकट्या आईचा नसतो, बापाचं पन निम्मं लागतं. दिनेशनं वीट खाली ठेवली. छाती फुगवून उभा राहिला. भट्टीवर त्याच्याइतका ताकदीचा गडी नव्हता, ताप म्हणून कधी त्याला आला नव्हता.

"बापाचं लागतं?" तो म्हणाला. "मला काय रोग हाय? बघ. बघ ना. मला नाय, तर मग ह्यांचा बाप कोन?"

आसपासच्या बायांनी ऐकलं. बुधीनं ऐकलं. विळ्याचा डाग परवडला, असा हा दुसरा डाग. सावनी बाई पुढच्याच आठवड्यात धावत आल्या. सुईचा डबा घेतलेल्या आशाताईला बरोबर आणलं होतं. दिनेशला हात जोडून म्हणाल्या, एक थेंब दे, वाहक माणूस तुझ्यासारखाच धडधाकट असतो, सगळा निकाल लागेल. दिनेश म्हणाला, ज्यांना रोग त्यांनी द्यावं. बाई पुन्हा आल्या तर तो मागच्या मागं खाडीकडे निघून गेला. त्याच्या बोटातल्या एका थेंबावर मंगळीची अब्रू टांगलेली, आणि तो थेंब त्यानं काही दिला नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात वनिता गेली. भट्टीवरच. उघड्यावर थंडी फार पडली होती, पोरीला ताप भरला, मग छातीत ठणका. गोळ्या संपून बरेच दिवस झाले होते, आणायला रोह्याला जायला कुणाला उसंत नव्हती. मंगळीनं तिला टेम्पोत घातलं. पेण दिसायला लागलं तेव्हा पोरगी म्हणाली, "आये, माजा हात चोळ." मंगळी हात चोळत राहिली. दवाखान्याच्या दारात पोचल्यावरसुद्धा ती चोळतच होती, शेवटी तिथल्या बाईनं तिचा हात धरून थांबवला.

त्यानंतर दिनेशनं सुकरीला आणलं. वाडीपलीकडच्या वाडीतली, अंगानं किरकोळ, भित्री पोर. मंगळीला हाकललं नाही. वेगळी खोप दिली, शेजारीच. जायला तिला ठिकाण नव्हतं, आणि साईराजला दिनेश कधी आपला म्हणायचा, कधी नाही. मंगळी मातीचं घमेलं वाहायची आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. सुकरीला दिवस गेले तशी बुधीनं तिला सांगून ठेवलं, त्या अवदसेची सावली घेऊ नको.

आणि शिमग्याला पुन्हा ग्रहण आलं. ह्यावेळी चंद्राचं. दुपारीच लागणार आणि चंद्र उगवेल तो ग्रासलेलाच. बुधीनं जय्यत तयारी केली. सगळे विळे-कोयते गोळा करून खोपीच्या कुडाला वर खोचून ठेवले, सुकरीला आत बसवलं आणि बजावलं, बोट हलवायचं नाय. म्हातारी दारात बसली. पण शिमग्याचा दिवस. भट्टीच्या पलीकडे ढोल वाजायला लागला, तशी ती "आलीच" म्हणून गेली ती तिकडेच रमली.

मंगळी विटांच्या रांगेशी होती. साईराज खोपीजवळ खेळत होता, तिथं मेढीला बुधीची बकरी बांधलेली. ढोलाच्या आवाजाला बकरी बुजली, गोल गोल फिरली, आणि दाव्याचा वेढा पोराच्या गळ्याला बसला. मंगळीनं लांबून बघितलं. घमेलं टाकलं नि धावत सुटली. पण अंतर फार होतं, आणि पोर ओरडतसुद्धा नव्हतं.

तेवढ्यात खोपीतून सुकरी बाहेर आली. सात महिन्यांचं पोट सांभाळत आली, वर हात घातला, विळा ओढला आणि एका हिसक्यात दावं कापलं.

मंगळी पोचली तेव्हा साईराज खोकत होता. जिवंत होता. सुकरी विळा हातात धरून उभी होती. तिनं हातातल्या विळ्याकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, आणि मंगळीच्या पायाशी आली.

"मंगळे, कुनाला सांगू नको गो. तुज्या पाया पडते. सांगू नको."

मंगळीनं तिच्या हातातला विळा घेतला, कुडाला होता तसा खोचला. दाव्याला गाठ मारली. तिला खूप सांगायचं होतं. पांढरे वाल, काळे वाल, ते सगळं. पण सुकरीचे दात वाजत होते. "आत जा," ती एवढंच म्हणाली. "मी काय बघितलं नाय."

सुकरीचे उरलेले दिवस पोटावर हात ठेवून, रडून गेले. मंगळीचे कसे गेले ते विचारू नका. तिच्या मनात एक किडा वळवळायचा. सुकरीचं पोर आजारी निघालं तर दिनेशचं रक्त उघडं पडेल, मग कुणी म्हणणार नाही मंगळीनं केलं. असं मनात आलं की ती स्वतःच्याच तोंडात मारून घ्यायची. मग दुसरा विचार यायचा. पोर चांगलं निघालं तर? तर सुकरीनं ग्रहणात विळा चालवला, हे मंगळीनं एकदा सांगितलं की झालं. विळ्यानं काही होत नाही हे चालतंबोलतं पोर सगळ्यांना दिसेल. कशीही बाजू पडो, मी सुटले. एवढं एक तिच्या आयुष्यात राहिलं होतं.

भट्टी विझली, माणसं वाडीत आली, सुकरीला मुलगी झाली. टाचेतून रक्त घेऊन मुंबईला पाठवलं होतं. निकाल घेऊन सावनी बाई स्वतः आल्या. ओट्यावर सगळे जमले. दिनेश, बुधी, जनू म्हातारा, अर्धी वाडी. सुकरी पोर घेऊन दारात, आणि मंगळी सगळ्यांच्या मागं, साईराजला कडेवर घेऊन. त्याची बोटं त्या दिवशी सुजलेली होती.

"पोरगी ठणठणीत आहे," बाई म्हणाल्या. "आजार नाही. वाहकसुद्धा नाही. दोन्हीकडून पांढरा आलाय."

बुधीनं हात जोडले. मग ती वळली आणि मोठ्यानं म्हणाली, "बघितलं? एक दीस गप बसायला काय जातं बाईच्या जातीला? ही बसली, पोर सोन्यासारखं. आनि दिनेशच्या रगतात खोट सांगत व्हते."

"आजी, तसं नाही," सावनी बाई पुढे झाल्या. "बसण्याचा काही संबंध नाही. हे नशिबावर असतं, कधी काळा येतो, कधी..."

ऐकतो कोण? बाईंचा शब्द ढोलात टिमकीसारखा गेला. दिनेश नवीन पोरीकडे बघत हसत होता. जनू म्हाताऱ्यानं मात्र बोट वर केलं. त्याला सगळं नीट ठरलेलं आवडायचं. "थांबा," तो म्हणाला. "सुकरे, तूच सांग. गरनात हलली व्हतीस का नाय?"

सुकरीनं पोर छातीशी घट्ट धरलं. सगळ्यांवरून तिची नजर फिरत गेली आणि मागं मंगळीवर येऊन थांबली.

मंगळीला समजलं, हीच ती घडी. एकदा बोललं की इतक्या वर्षांचा डाग जाईल. मग तिनं सुकरीच्या कुशीतल्या पोरीकडे बघितलं. डाग जाईल? आज हिचं नाव सांगितलं तर उद्या ही पोर शिंकली तरी विळा, दात उशिरा आला तरी विळा, पाय घसरून पडली तरी विळा. डाग जायचा नाही, फक्त एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जाईल. कडेवर साईराज होता. त्याच्या गळ्यावर दाव्याचा वळ अजून पुसट दिसत होता.

"मी नाय हलली," सुकरी कशीबशी म्हणाली. "इचारा मंगळीला. ती व्हती तिथं."

सगळ्या माना मागं वळल्या. सावनी बाईंचीसुद्धा.

"व्हय," मंगळी म्हणाली. "मी बघितलंय. ती हलली नाय."

"आनि तू?" बुधीनं विचारलं.

मंगळीनं साईराजची सुजलेली बोटं आपल्या मुठीत घेतली आणि चोळायला लागली.

"मी हललेली," ती म्हणाली.